हरतो संघ, खापर मात्र एकाच्याच डोक्यावर

4 सप्टेंबर 2022, दुबई. आशिया कपमधली भारत-पाकिस्तान मॅच. भारताने 181 केले होते आणि पाकिस्तानचा पाठलाग शेवटच्या तीन षटकांवर आला होता. अठरावं षटक रवी बिश्नोईचं. आसिफ अलीने बॅट फिरवली, चेंडू वरची कड घेऊन शॉर्ट थर्डकडे उडाला आणि तिथे उभ्या असलेल्या अर्शदीप सिंगच्या हातात येऊन सुटला. सोपा झेल होता, त्यात वाद नाही. षटक संपलं तेव्हा पाकिस्तानला 12 चेंडूंत 26 धावा हव्या होत्या. एकोणिसाव्या षटकात भुवनेश्वर कुमारला 19 धावा पडल्या. उरल्या 6 चेंडूंत 7. शेवटचं षटक टाकायला आला तोच अर्शदीप. त्याने आसिफ अलीला पायचीत केलं, मॅच पाचव्या चेंडूपर्यंत ताणली, आणि भारत हरला.

धावफलक घेऊन बसलं तर या पराभवाचे वाटेकरी बरेच निघतात. त्या एका षटकातल्या 19 धावा आहेत, मोहम्मद रिझवानच्या 71 आहेत, मोहम्मद नवाजने 20 चेंडूंत झोडपलेल्या 42 आहेत. तरी त्या रात्री इंटरनेटवर शिव्या पडत होत्या त्या मुख्यतः एका तेवीस वर्षांच्या गोलंदाजाला. विकिपीडियावरच्या त्याच्या पानात कोणीतरी 'खलिस्तान' घुसडलं. प्रकरण एवढं वाढलं की माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने विकिपीडियाच्या अधिकाऱ्यांना खुलासा करायला बोलावलं.

सुटलेला झेल एवढ्या थराला कसा जातो? 'लोकांना अक्कल नाही' हे उत्तर सोपं आहे, पण ते देणारा माणूस बहुधा दहाच मिनिटांपूर्वी स्वतः टीव्हीकडे बघून ओरडत असतो. या रागावर मानसशास्त्रात बरंच काम झालं आहे. त्यातून दिसतं ते थोडक्यात असं: चूक किती मोठी होती यावर राग फारसा ठरत नाही. ती कधी झाली, किती ठळक दिसली, पुढे काय झालं आणि चुकणारा माणूस 'आपला' मानला जातो की नाही, यावर तो ठरतो.

हार आपल्याला का लागते

1970च्या दशकात रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सात विद्यापीठांमध्ये एक साधी गोष्ट मोजली. सोमवारी वर्गात किती विद्यार्थी विद्यापीठाचं नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घालून येतात? शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला असेल तर असे कपडे जास्त दिसायचे. फोनवर मॅचबद्दल विचारलं तर जिंकलेल्या सामन्याविषयी बोलताना 'आपण जिंकलो' आणि हरलेल्या सामन्याविषयी बोलताना 'ते हरले' अशी भाषा जास्त यायची. मैदानात पाऊलही न ठेवता विजयातला वाटा घ्यायचा आणि पराभवातून अंग काढून घ्यायचं, हा कल एवढा सार्वत्रिक आहे की आपल्याला तो खटकतही नाही.

हे नुसतं बोलण्यापुरतं नसतं, शरीरही त्यात ओढलं जातं. 1994च्या फुटबॉल विश्वचषकाची अंतिम मॅच बघणाऱ्या ब्राझील आणि इटलीच्या काही पुरुष चाहत्यांच्या लाळेचे नमुने संशोधकांनी आधी आणि नंतर तपासले. ब्राझीलवाल्यांचं टेस्टोस्टेरॉन वाढलं होतं, इटलीवाल्यांचं घटलं होतं. नमुना लहान होता, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण म्युनिकमधल्या डॉक्टरांचा अभ्यास चांगलाच मोठा आहे. 2006च्या विश्वचषकात जर्मनीची मॅच असलेल्या दिवशी त्या भागात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या अडीच पटींहून जास्त झाल्या होत्या. ज्याचं हृदय खरोखर पणाला लागलं आहे, त्याला 'अरे, खेळच तर आहे' म्हणून काय उपयोग?

आता गोची अशी की कट्टर चाहत्याला 'ते हरले' म्हणून सटकता येत नाही. संघ हीच त्याची ओळख असते. मग संघही सोडायचा नाही आणि पराभवाचा डागही नको, यावर मार्ग एकच उरतो: संघातला एक माणूस वेगळा काढायचा. 'आपण चांगलेच खेळलो, त्या एकाने घालवलं.' बाकी दहा जण आणि आपण स्वतः स्वच्छ. समाजमानसशास्त्रात याच्या जवळ जाणारा एक निष्कर्ष 1980च्या दशकात मांडला गेला. आपल्या गटातला माणूस नापसंत वागला तर त्याला आपण तसंच वागणाऱ्या परक्यापेक्षा जास्त कठोरपणे तोलतो. समोरच्या संघाच्या क्षेत्ररक्षकाने झेल सोडला तर आपण हसतो. आपल्याने सोडला की तो आपल्याला खाली बघायला लावणारा ठरतो.

शेवटचा माणूस सापडतो

पण मग अकरांतला नेमका तोच का? इथे मला सगळ्यात बोलका वाटतो तो 1990 साली छापून आलेला नाण्यांचा प्रयोग. लोकांना एक कल्पित प्रसंग सांगितला. दोघं जण एकेक नाणं उडवणार आहेत. दोन्ही नाण्यांवर एकच बाजू आली, दोन्ही छापे किंवा दोन्ही काटे, तर दोघांनाही मोठं बक्षीस. पहिल्याचा छापा आला. दुसऱ्याचा काटा आला. बक्षीस गेलं. दोष कोणाचा? गणिताने पाहिलं तर दोघांचाही सारखाच, म्हणजे कोणाचाच नाही. तरी बहुतेकांना वाटलं की अपराधी वाटणार ते दुसऱ्याला, आणि पहिला चिडणार तो दुसऱ्यावर. कारण पहिल्याचा छापा तोवर 'झालेली गोष्ट' बनलेला असतो. मनातल्या मनात बदलून बघता येतं ते शेवटचंच पाऊल.

हा प्रयोग डोळ्यासमोर ठेवून रॉबर्टो बाज्जोकडे बघा. 17 जुलै 1994, इटली विरुद्ध ब्राझील, तीच मॅच जिच्या चाहत्यांची लाळ तपासली गेली. गोलशून्य बरोबरी, मग पेनल्टी. बाज्जोचा फटका आडव्या खांबावरून गेला आणि ब्राझील विश्वविजेता झाला. कंबरेवर हात ठेवून मान खाली घातलेल्या बाज्जोचा फोटो अजूनही सगळीकडे दिसतो. त्याच्याआधी इटलीच्या बारेसीने आणि मास्सारोनेही पेनल्टी वाया घालवली होती, हे किती जणांना आठवतं? बाज्जोने गोल केला असता तरी ब्राझीलची एक किक शिल्लक होती आणि ती गोलात गेली असती तर निकाल तोच लागला असता. शिवाय इटली अंतिम फेरीत पोहोचली होती तीच मुळात बाज्जोच्या बाद फेरीतल्या पाच गोलांवर. पण तो शेवटचा होता.

अमेरिकेत बेसबॉलमध्ये असंच नाव बिल बकनरचं आहे. 1986च्या वर्ल्ड सीरिजची सहावी मॅच, बोस्टन रेड सॉक्स विरुद्ध न्यूयॉर्क मेट्स. सात सामन्यांच्या मालिकेत बोस्टन 3-2 पुढे होतं आणि ही मॅच जिंकली की 1918 नंतरचं पहिलं विजेतेपद त्यांच्या हातात येणार होतं. जादा डावात ते 5-3 पुढे होते, मेट्सचे दोन खेळाडू बाद, फक्त एक हवा होता. तिथून लागोपाठ तीन फटके बसले, फरक एका धावेवर आला. मग बोस्टनच्या गोलंदाजाचा (बेसबॉलमध्ये पिचर म्हणतात) एक चेंडू एवढा भरकटला की धाव निघून बरोबरी झाली. आणि त्यानंतर एक साधा, जमिनीवरून येणारा चेंडू बकनरच्या पायांमधून निघून गेला. मॅच गेली. यातला क्रम नीट बघा: चेंडू बकनरकडे आला तेव्हा बोस्टनची आघाडी आधीच संपलेली होती. बकनरचे घोटे दुखावलेले होते आणि अशा वेळी व्यवस्थापक एरवी त्याच्या जागी दुसरा क्षेत्ररक्षक पाठवायचा, त्या रात्री पाठवला नाही. आणि मुख्य म्हणजे सातवी मॅच अजून बाकी होती. तीत बोस्टनने 3-0 अशी आघाडी घेतली आणि तीही घालवली. पण सतराशे साठ कारणं टीव्हीवर दाखवता येत नाहीत. पायांमधून गेलेला चेंडू दाखवता येतो, आणि तो पुढची कित्येक वर्षं दाखवला गेला.

दिसणं हा भाग लहान नाही. ढिसाळ षटक सहा चेंडूंवर पसरलेलं असतं. चुकीची संघनिवड तर मैदानावर दिसतच नाही. सुटलेला झेल दोन सेकंदांत मावतो, वेगवेगळ्या कोनांतून परत परत दाखवता येतो, आणि तिसऱ्यांदा संथ गतीत बघताना तो पकडणं अशक्य होतं असं कोणालाच वाटत नाही. संथ गतीत वेळ भरपूर असतो. मैदानावर नव्हता.

निकाल कळल्यावर सगळेच शहाणे

'परिणामाचा पूर्वग्रह' हे नाव जड आहे, गोष्ट सोपी. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी 1988 साली लोकांना डॉक्टरांचे निर्णय तपासायला दिले. तोच रुग्ण, तीच माहिती, शस्त्रक्रियेचा तोच निर्णय. काहींना सांगितलं की रुग्ण बरा झाला, काहींना सांगितलं की दगावला. दगावल्याचं कळलेल्यांनी त्याच निर्णयाला आणि तो घेणाऱ्याला कमी लेखलं. निर्णय एकच, निकाल वेगळा, म्हणून मत वेगळं.

खेळात याचं याहून ठसठशीत उदाहरण मला दुसरं माहीत नाही असं ते ब्राझीलचा गोलकीपर मोआसीर बार्बोसाचं. 16 जुलै 1950, रिओचं माराकाना स्टेडियम, विश्वचषकाची निर्णायक मॅच, पावणेदोन लाखांच्या घरात प्रेक्षक. ब्राझीलला बरोबरीही पुरणार होती. ब्राझीलने पहिला गोल केला. 66व्या मिनिटाला उरुग्वेचा घिज्जा उजव्या बाजूने धावत आला, त्याने चेंडू मध्ये पास केला आणि स्कियाफिनोने गोल मारला. 1-1. 79व्या मिनिटाला घिज्जा पुन्हा त्याच बाजूने, तसाच धावत आला. आता बार्बोसाच्या जागी उभं राहून बघा. तेरा मिनिटांपूर्वी याच माणसाने इथूनच चेंडू मध्ये टाकला होता. मध्ये पुन्हा माणसं धावत येत आहेत. अनुभवी गोलकीपर काय करेल? पासची अपेक्षा ठेवून किंचित मध्ये सरकेल. बार्बोसा सरकला. घिज्जाने पास न देता खांब आणि गोलकीपर यांच्यातल्या फटीतून थेट गोलात मारला.

घिज्जाने पास दिला असता आणि बार्बोसाने तो अडवला असता, तर तेच किंचित सरकणं 'काय अंदाज आहे!' म्हणून नावाजलं गेलं असतं. प्रत्यक्षात तो पुढचं सगळं आयुष्य 'ज्याने ब्राझीलला रडवलं तो' म्हणून जगला. 1993 साली तो ब्राझीलच्या संघाला सराव शिबिरात भेटायला गेला, तर अपशकून नको म्हणून त्याला परत पाठवलं. ब्राझीलच्या कायद्यात सर्वांत मोठी शिक्षा 30 वर्षांची आहे, मी मात्र न केलेल्या गुन्ह्याची 50 वर्षं भोगतोय, अशा अर्थाचं तो उतारवयात बोलला होता.

उलट बाजूचा, कारण नंतर कळण्याचा प्रकारही घडतो. 2018च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये लिव्हरपूलचा गोलकीपर लोरिस कारिउस याच्या दोन ढोबळ चुकांवर रेआल माद्रिदने दोन गोल केले. त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. काही दिवसांनी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि त्या मॅचमध्ये डोक्याला बसलेल्या माराने त्याच्या मेंदूला धक्का बसला होता आणि त्याचा नजरेच्या अंदाजावर परिणाम झाला असावा, असं सांगितलं. दुसऱ्याची चूक आपण त्याच्या स्वभावावर ढकलतो (घाबरट, निष्काळजी, मन नसलेला), आपली स्वतःची मात्र परिस्थितीवर. कारिउसच्या बाबतीत परिस्थिती अक्षरशः कवटीच्या आत होती, ती टीव्हीवर दिसणार कशी?

चूक गद्दारी कधी होते

इथवरचं सगळं एका अर्थाने निरुपद्रवी आहे. माणसाचं मन असंच चालतं, राग दोन दिवसांत ओसरतो. खरी कटुता सुरू होते ती पुढच्या पायरीवर, आणि ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही.

24 ऑक्टोबर 2021, टी-20 विश्वचषक. पाकिस्तानने भारताला 10 गडी राखून हरवलं. 10 गडी राखून याचा अर्थ एकाही भारतीय गोलंदाजाला एकही बळी मिळाला नाही. पण धर्मावरून शिव्या पडल्या त्या मोहम्मद शमीला. बाकीचे गोलंदाज 'वाईट खेळले', शमी मात्र 'विकला गेला'. कर्णधार विराट कोहलीने पुढच्या मॅचआधीच्या पत्रकार परिषदेत धर्मावरून कोणावर हल्ला करणं ही माणूस करू शकेल अशी सर्वांत नीच गोष्ट आहे, या शब्दांत त्याची पाठराखण केली. त्यानंतर कोहलीच्या तान्ह्या मुलीबद्दल इंटरनेटवर घाणेरड्या धमक्या आल्या.

त्याच वर्षी जुलैत लंडनमध्ये युरो कपची फायनल झाली. पेनल्टीत इंग्लंडच्या रॅशफोर्ड, सँचो आणि साका यांच्या किक वाया गेल्या. तिघेही कृष्णवर्णीय, साका जेमतेम 19 वर्षांचा. रात्रीच वंशद्वेषी मजकुराचा पूर आला. जिंकलेल्या इटलीच्याही दोन किक वाया गेल्या होत्या, त्यांतली एक जोर्जिन्होची, जी गेली असती तर तिथेच विजय होता. साकाची किक अडवली गेल्यामुळे जोर्जिन्होची चूक कोणाच्या ध्यानीमनीही उरली नाही.

आणि चूक असावी लागतेच असंही नाही. ऑगस्ट 2021मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत भारतीय महिला हॉकी संघ अर्जेंटिनाकडून हरला, तेव्हा हरिद्वारजवळच्या गावात वंदना कटारियाच्या घरासमोर काही जणांनी फटाके वाजवले आणि तिच्या कुटुंबाला जातीवरून शिवीगाळ केली. तीच वंदना चार दिवसांपूर्वी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅट्‌ट्रिक करून आली होती.

या तिन्ही प्रसंगांत राग पराभवातून जन्मलेला नाही. तो आधीपासून होता, पराभवाने त्याला दार उघडून दिलं. ज्यांचं 'आपलं' असणं गृहीत धरलेलं असतं, त्यांची चूक ही चूक असते. ज्यांनी ते प्रत्येक मॅचमध्ये नव्याने सिद्ध करावं अशी अपेक्षा असते, त्यांची चूक पुरावा ठरते. म्हणून 'खेळाडूंनी टीका सहन करायला शिकलं पाहिजे' हा सल्ला मला अर्धवट वाटतो. कोणाला किती सहन करावं लागतं, याचं मापच वेगवेगळं आहे.

फोन हातात असताना

जुन्या काळी लोक सभ्य होते असं अजिबात नाही. 1998मध्ये लाल कार्ड मिळालेल्या डेव्हिड बेकहॅमचा पुतळा फासावर लटकवला गेला तेव्हा फेसबुक नव्हतं. 1996मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर भारत-श्रीलंका उपांत्य सामना बाटल्या आणि आगीमुळे अर्ध्यावर थांबवून श्रीलंकेला बहाल करावा लागला होता. 2014च्या टी-20 फायनलमध्ये युवराज सिंग 21 चेंडूंत 11 धावांवर अडखळला, तेव्हा त्याच्या चंडीगडच्या घरावर दगड पडले. तीनच वर्षांपूर्वी विश्वचषकाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला आणि मधल्या काळात कर्करोगाशी झुंजून परतलेला हा माणूस.

बदललं ते अंतर. पूर्वी शिवी खोलीतल्या भिंतींना ऐकू जायची, आता ती खेळाडूच्या खिशात जाऊन वाजते. आणि तिला बक्षीस मिळतं. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 साली 1 कोटी 27 लाख ट्विटचा अभ्यास मांडला. ज्यांच्या संतापी ट्विटना जास्त लाइक आणि शेअर मिळाले, ते पुढे आणखी संतापून लिहू लागले. म्हणजे नेटवरचा राग काही प्रमाणात शिकलेला असतो.

निनावी खात्यांमुळे हे होतं, ही समजूतही तपासून घ्यावी अशी आहे. युरो फायनलनंतर ट्विटरने कायमची बंद केलेली जवळजवळ सगळी, म्हणजे 99 टक्के खाती ओळख पटवता येण्याजोगी होती, असं त्या कंपनीनेच सांगितलं. लोक तोंड लपवून बोलत नव्हते. आजूबाजूला सगळे तेच बोलत आहेत असं वाटलं की तोंड लपवायची गरज उरत नाही.

आणखी एक कारण आपल्या चर्चेत फारसं येत नाही: सट्टा. महिला टेनिस संघटना आणि आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने 2024मध्ये खेळाडूंना आलेल्या अपमानकारक संदेशांची छाननी केली, तेव्हा त्यांतले 40 टक्के चिडलेल्या जुगाऱ्यांचे निघाले. अशा माणसाला खेळाशी किंवा देशाशी देणंघेणं नसतं, त्याचे पैसे बुडालेले असतात. मॅचवर पैसे लावणाऱ्यांचा हा राग क्रिकेटमध्येही वाढला तर मला नवल वाटणार नाही.

याचं टोक कुठे जाऊ शकतं ते कोलंबियाने पाहिलं. 22 जून 1994 रोजी अमेरिकेविरुद्ध आंद्रेस एस्कोबारच्या पायाला लागून चेंडू स्वतःच्याच गोलात गेला आणि कोलंबिया 2-1 ने हरला. घरी परतल्यावर त्याने वर्तमानपत्रात लेख लिहिला, आयुष्य इथे संपत नाही अशा आशयाचा. 2 जुलैला मेडेलिनमध्ये त्याच स्वयंगोलवरून झालेल्या बाचाबाचीनंतर त्याला गोळ्या घातल्या गेल्या. तो 27 वर्षांचा होता.

एवढं टोक क्वचितच गाठलं जातं. पण संतापाचा मार घरातल्यांना बसणं तेवढं क्वचित नाही. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या अर्थशास्त्रज्ञांना अमेरिकी फुटबॉलच्या नोंदींत आढळलं की जिंकणार अशी खात्री असलेला स्थानिक संघ हरला, की त्या भागात पुरुषांनी पत्नीला किंवा जोडीदाराला मारहाण करण्याच्या घटना सुमारे 10 टक्क्यांनी वाढतात. अटीतटीच्या अपेक्षित सामन्यात हरल्यावर तसं होत नाही. अपेक्षाभंग हे इथलं इंधन आहे.

भीतीने खेळ बदलतो

चाहत्यांचा एक आवडता युक्तिवाद असतो की शिव्या पडल्या की खेळाडू सुधारतात. आकडे उलट बोलतात. नॉर्वेचे संशोधक गेइर यॉर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांमधल्या पेनल्टी शूटआउटचा अभ्यास केला. 'ही गेली की आपण जिंकलो' अशी किक असेल तर खेळाडू सुमारे 92 टक्के वेळा गोल करतात. 'ही चुकली की आपण हरलो' अशी किक असेल तर तेच प्रमाण 62 टक्क्यांच्या आसपास येतं. चेंडू तोच, अंतर तेच. दुसऱ्या किकमागे उद्याचा मथळा उभा असतो.

गोलकीपरही सुटत नाहीत. इस्रायली संशोधकांनी 286 पेनल्टी तपासल्या. मध्ये स्थिर उभं राहिलेल्या गोलकीपरनी एक तृतीयांश किक अडवल्या होत्या. डावी-उजवीकडे झेप घेणाऱ्यांचं यश त्याच्या निम्म्याहूनही कमी. तरीही 94 टक्के वेळा गोलकीपर झेपच घेतात. कारण? झेप घेऊन गोल झाला तर 'प्रयत्न तरी केला' म्हणतात, उभा राहून झाला तर 'पुतळ्यासारखा उभा होता'. दोषाच्या भीतीने माणूस जास्त चांगला पर्याय सोडून जास्त बचावाचा पर्याय निवडतो. आपल्याला नेमके असे गोलकीपर हवे आहेत का?

यावरून टीकाच करू नये असं कोणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही. व्यावसायिक खेळाडूला त्याच्या कामाचे पैसे मिळतात आणि त्या कामाचं मोजमाप व्हायलाच हवं. अर्शदीपचा झेल घ्यायला हवा होता, कारिउसने चेंडू फेकताना समोर कोण आहे ते बघायला हवं होतं, हे म्हणण्यात गैर काही नाही. माझ्यापुरता एक निकष मी वापरतो: समजा पुढच्या चेंडूवर बळी पडला असता आणि मॅच जिंकली असती, तरी हे वाक्य मी बोललो असतो का? 'हात जमिनीकडे उशिरा गेले' हे तरीही बोलता येतं. 'याला संघातून हाकला' हे त्या स्थितीत कोणीच बोललं नसतं.

काही गावांनी वेगळं वागून दाखवलं आहे. 1991च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम मॅचमध्ये, बफेलो बिल्सच्या स्कॉट नॉरवुडची 47 यार्डांवरची शेवटची किक उजवीकडून बाहेर गेली आणि बफेलो 20-19 असं एका गुणाने हरलं. दुसऱ्या दिवशी शहराच्या चौकात हजारो लोक जमले आणि 'आम्हाला स्कॉट हवा' असं ओरडू लागले, नॉरवुडने पुढे येऊन बोलावं म्हणून. तो आला, आणि एवढं प्रेम मला कधी मिळालं नव्हतं अशा अर्थाचं बोलला. साकाच्या बाबतीत, त्याच्या आर्सेनल क्लबच्या कट्टर प्रतिस्पर्धी टॉटनहॅमच्या मैदानावर पुढच्याच महिन्यात त्याचं टाळ्यांनी स्वागत झालं. अर्शदीपच्या वेळी कोहलीने पत्रकारांसमोर स्वतःचीच आठवण काढली. आपल्या पहिल्या चॅम्पियन्स ट्रॉफीत पाकिस्तानविरुद्ध शाहिद आफ्रिदीला खराब फटका खेळून बाद झाल्यावर पहाटे पाचपर्यंत आपण छताकडे बघत पडलो होतो आणि कारकीर्द संपली असं वाटलं होतं, असं त्याने सांगितलं. संघातला सर्वांत मोठा माणूस असं बोलला की 'त्या एकाला' वेगळं काढणं अवघड होतं, कारण तो एकटा उरत नाही. दोन वर्षांनी भारताने जिंकलेल्या टी-20 विश्वचषकात अर्शदीपने 17 बळी घेतले.

अशा गोष्टींवरून वाटतं की चांगला खेळ किंवा एखादा विजय सगळं धुऊन काढतो. बकनरचं तसं झालं खरं. बोस्टनने 2004 आणि 2007ची विजेतेपदं जिंकल्यानंतर, 2008च्या पहिल्या घरच्या मॅचमध्ये त्याला मानाचा पहिला चेंडू फेकायला बोलावलं आणि सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. पण बार्बोसाचा हिशेब या सूत्रात बसत नाही. तो एप्रिल 2000मध्ये गेला, आणि तोपर्यंत ब्राझीलने चार विश्वचषक जिंकले होते.